तख्तपोशीखालचं सहस्रचंद्रदर्शन : गर्दीत फ्लॅश मऊ करण्याचं एक प्रकरण

ऑर्डर साधी होती. वाईतल्या एका जुन्या कार्यालयात सहस्रचंद्रदर्शन, सकाळी नऊपासून जेवणं उरकेपर्यंत. फोटोला मी आणि मदतीला माझा भाचा. व्हिडिओवाला पार्टीनं वेगळा ठरवलेला. आजींच्या थोरल्या मुलीनं फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. आजींचे एकटीचे दोन-तीन चांगले फोटो हवेत, त्यातला एक फ्रेम करायचाय. आलेल्या प्रत्येक कुटुंबाबरोबर एकेक फोटो झालाच पाहिजे, मागाहून रुसवेफुगवे नकोत. तिसरी गोष्ट अगदी फोन ठेवता ठेवता आली : "दादा, आईचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांवर लाईट मारलेला तिला खपत नाही. तेवढं बघाल ना?"

"बघतो ताई," म्हणालो. फ्लॅश न काढताच काम भागेल असं तेव्हा वाटत होतं. हॉल पाहिलेला नव्हता.

ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी : एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. आजींचं वय बरोबर तेवढं. अंगकाठी बारीक, पांढरा अंबाडा, सोनेरी काड्यांचा चष्मा, हिरवीगार नऊवारी, कानात मोत्यांच्या कुड्या. या कुड्यांकडे लक्ष असू द्या, पुढे त्या कामाला येणार आहेत.

जागा

हॉल अंदाजे चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद. वर सागवानी तख्तपोशी म्हणजे लाकडी छत, तेलपाणी आणि धूर खाऊन काळी पडलेली, उंची जेमतेम साडेनऊ फूट. मधून दोन तुळया. भिंतींना खाली छातीपर्यंत पोपटी ऑइलपेंट, वर पिवळट चुना. रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या होत्या, त्यांच्यावर मांडववाल्यानं आधीच जांभळा कपडा ताणून ठेवला होता. उजेडाला आठ एलईडी ट्यूब. माणसं दीडशेच्या आसपास. निम्मी सतरंजीवर, निम्मी खुर्च्यांवर. आजींच्या खुर्चीपासून पहिल्या रांगेपर्यंत मोकळी जागा म्हणजे माझी दोन पावलं.

उजेड मोजणाऱ्या मीटरनं दाखवलं आयएसओ १६०० (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील), एफ/२.८ (लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं मोठं), १/६० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ). आजच्या कॅमेऱ्यांना हे काही अवघड नाही. आयएसओ ६४०० वर नेला असता तर फोटो आला असता. अडचण वेगळीच होती. आजींची खुर्ची बरोबर तुळईखाली मांडली होती आणि सगळा उजेड त्यांच्या डोक्यावरून, थोडा पाठीमागून येत होता. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळ, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, हनुवटीखाली अंधार. आयएसओ वाढवला की उजेड वाढतो, त्याची दिशा बदलत नाही. ८१ वर्षांच्या चेहऱ्यावर असा वरून पडणारा उजेड प्रत्येक सुरकुतीला काजळाची रेघ ओढतो. खुर्ची हलवावी म्हटलं तर गुरुजींनी चौरंग, कलश, पूजेचं ताट सगळं त्या खुर्चीच्या हिशेबानं मांडलेलं. गुरुजींशी वाद घालायचा नाही, हे मी पंधरा वर्षांत शिकलेलो आहे.

म्हणून फ्लॅश निघाला.

पहिला अर्धा तास

सवयीप्रमाणे मी फ्लॅशचं डोकं वर वळवलं. नेहमीच्या हॉलमध्ये यासारखा दुसरा उपाय नाही. पीओपीचं पांढरं छत नऊ-दहा फुटांवर असलं की फ्लॅश तिथे आपटतो, छतावर चारपाच फुटांचा उजेडाचा डाग पडतो आणि चेहऱ्याच्या दृष्टीनं तो डागच दिवा होतो. फ्लॅशची दोन-अडीच इंचांची काच विसरून जायची. खाली पडणारा उजेड एवढ्या मोठ्या डागातून येत असल्यानं नाकाची सावली कापल्यासारखी पडत नाही, कडेला विरत जाते. मऊ उजेड म्हणतात तो एवढाच : चेहऱ्याकडून पाहिलं तर दिवा किती मोठा दिसतो.

काळी तख्तपोशी मात्र उजेड परत देत नाही, पिऊन टाकते. फ्लॅश जवळपास पूर्ण ताकदीवर न्यावा लागला. एक फोटो काढला की पुढच्यासाठी दोन-तीन सेकंद थांबायचं, तेवढ्यात नमस्काराला वाकलेला माणूस उठून निघून गेलेला. जो काही उजेड खाली येत होता त्याचा रंग कोऱ्या चहाचा. तोही वरूनच येत असल्यानं डोळ्यांच्या खोबणी होत्या तशाच काळ्या.

मग बॅगेतून प्लॅस्टिकची पांढरी टोपी काढली. ही फ्लॅशवर बसवायची टोपी आपल्याकडे प्रत्येक फोटोग्राफरजवळ असते आणि बहुतेकांना वाटतं की ती बसवली की उजेड मऊ होतो. टोपीचं खरं काम उजेड चारी दिशांना उधळण्याचं आहे. आसपास पांढऱ्या भिंती असतील तर उधळलेला उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो आणि मऊपणा त्या भिंतींकडून मिळतो. मोकळ्या मैदानात टोपी लावणारा माणूस फक्त बॅटरी जाळतो.

हिशेब करून पाहू. टोपी सात सेंटिमीटरची, आजी अडीच मीटरवर. तिथून टोपी सुमारे १.६ अंशांची दिसते. आकाशातला सूर्य अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे टोपी सूर्याच्या तिप्पट. भर दुपारच्या उन्हात कुणाचा पोर्ट्रेट घेतो का आपण? सूर्याची तिप्पट केली म्हणून ऊन मऊ होत नसतं.

इथे तर टोपीतून सुटलेला उजेड पोपटी ऑइलपेंटवर आपटून येत होता, त्यामुळे आजींच्या उजव्या गालावर कैरीच्या सालीचा रंग. नऊवारीच्या जरीचे काठ पांढरेफट्ट, त्यातली वेलबुट्टी गायब. मागे उभ्या नातसुनेनं डोळ्यांखाली लावलेली बारीक पावडर समोरच्या फ्लॅशमध्ये पांढऱ्या अर्धचंद्रासारखी उठली. या पावडरींमध्ये सिलिका असते, नुसत्या डोळ्याला ती दिसत नाही, समोरून थेट फ्लॅश पडला की उजेड परतवते. लग्नाच्या मेकअपवाल्या ताईंना हे ठाऊक असतं, घरच्या घरी आवरून आलेल्या सुनेला कोण सांगणार?

तिसऱ्या फ्लॅशला आजींनी कपाळावर हात आडवा धरला. "वीज पडली का रे?" सगळे हसले. मी नाही हसलो. थोरल्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मी मोठा करून पाहिला, थेट उजव्या कुडीपर्यंत. मोती हा बारीक घुमटाकार आरसाच. खोलीत दिवा कुठे आहे आणि केवढा आहे ते त्यात उमटतं. प्रत्येक मोत्यात सुईच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका. शेजारी चष्म्याच्या दोन्ही काचांत तसाच एकेक. माझा दिवा केवढा होता, ते त्या मोत्यांनी दाखवलं.

स्टँड

गाडीत साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स होता, म्हणजे फ्लॅशपुढे पांढरा पडदा असलेली कापडी पेटी. तो स्टँडवर चढवला, आजींच्या डाव्या हाताला सव्वा मीटरवर उभा केला, लांबून फ्लॅश उडवणारा ट्रिगर लावला. पायथ्याशी वजन म्हणून पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी टांगली. सव्वा मीटरवरून साठ सेंटिमीटरचा दिवा २७ अंशांचा दिसतो. कुठे १.६, कुठे २७! उजेड सुरेख पडला. आजींनी हात खाली घेतला. डोळ्यांत तारा आला. सुरकुत्या होत्या तिथेच होत्या, पण आता त्यांना उतार आला, काजळाची रेघ गेली.

हे सुख सहा-सात मिनिटं टिकलं. पायाशी एक पोरगं लपंडाव खेळत होतं, त्याच्यामागे दुसरं. स्टँड सावकाश झुकला, म्हाताऱ्या माणसानं पाटावरून उठावं इतक्या सावकाश, आणि आजींच्या धाकट्या भावाच्या अंगावर जाणार तोच जिलब्यांची परात घेऊन चाललेल्या वाढप्यानं मोकळ्या कोपरानं अडवला. परात वाचली. आजोबा वाचले. "अहो, तो खांब काढा आधी," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

स्टँड गाडीत गेला. यावर माझं मत आता पक्कं आहे. आठ-नऊशे चौरस फुटांत दीडशे माणसं असतील तर कुणी हातानं धरल्याशिवाय एकही स्टँड उभा करायचा नाही. वाळूची पिशवी, पाण्याची बाटली, जमिनीला चिकटपट्टी, सगळं मनाचं समाधान आहे. फ्लॅशला लावायची छत्री तर त्याहून वाईट. तिच्या काड्या नेमक्या उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती फिरते ते निराळंच.

पांढरी डिस्क

उरलं काय, तर भाचा. आणि गाडीच्या डिकीत पडलेली, पिळली की तिसऱ्या हिश्शाएवढी होणारी, ११० सेंटिमीटरची गोल रिफ्लेक्टर डिस्क. ही बाजारात हजार-दीड हजारात मिळते आणि सहसा उन्हातल्या प्री-वेडिंगला वापरतात. सोनेरी, चंदेरी, काळी, पांढरी अशी खोळ असते. मी पांढरी बाजू बाहेर काढली.

योजना अशी. भाच्यानं आजींच्या डाव्या हाताला, चेहऱ्यापासून साधारण दीड मीटरवर उभं राहायचं, डिस्कचा मध्य आजींच्या डोक्यापेक्षा थोडा वर, खाली झुकवून. मी समोर. फ्लॅश माझ्या कॅमेऱ्यावरच, पण त्याचं डोकं आजींकडे न ठेवता डिस्ककडे वळवलेलं. म्हणजे छताऐवजी मी स्वतःची भिंत आणली होती. पांढरी, हवी तिथे उभी राहणारी, "सरक रे" म्हटलं की सरकणारी.

दोन बारकावे सांगतो, कारण यांच्याशिवाय हे जमत नाही. पहिला : फ्लॅशचा झूम, म्हणजे झोताची रुंदी, आपोआप लेन्सप्रमाणे बदलत असतो, तो बंद करून हातानं ५० वर ठेवला. रुंद ठेवला तर निम्मा उजेड डिस्कच्या बाहेर, पोपटी भिंतीवर जातो आणि कैरीची साल परत येते. फार अरुंद केला तर डिस्कच्या मधोमध छोटा डाग पडतो आणि ११० सेंटिमीटरची डिस्क असून तुमचा दिवा तीस सेंटिमीटरचाच राहतो. डिस्क काठोकाठ भरली पाहिजे, सांडली नाही पाहिजे. दुसरा : फ्लॅश डिस्ककडे वळवला तरी त्याच्या काचेची कड आजींना दिसते आणि तेवढी कडसुद्धा डोळ्यांत खुपते. भाच्याच्या फाईलचं काळं पुठ्ठं फाडलं आणि कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावून फ्लॅशच्या त्या बाजूला आडोसा केला. आजींना आता फ्लॅशची काच दिसतच नव्हती, फक्त उजळणारी डिस्क दिसत होती.

दीड मीटरवरून ११० सेंटिमीटरची डिस्क चाळीस अंशांची दिसते. मोठं स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं असावं तशी.

कॅमेरा ठेवला आयएसओ १६००, एफ/४, १/१०० वर. या सेटिंगला हॉलचा उजेड पावणेदोन स्टॉप कमी पडतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे मागची माणसं, तोरणं, समया दिसतात पण आजींच्या चेहऱ्याशी भांडत नाहीत. शटर १/१०० ठेवण्याचं कारण ट्यूब. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातल्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. १/१०० मध्ये एक पूर्ण चढउतार मावतो. १/२०० केलं तर फोटोत आडव्या पट्ट्या येतात आणि मग घरी बसून त्या पुसत बसायचं. शटर एवढं सावकाश असलं की फ्लॅशला त्याच्याशी देणंघेणं नाही, फ्लॅशचं काम क्षणात उरकतं. शटरनं हॉल कमीजास्त करायचा, फ्लॅशच्या ताकदीनं चेहरा. हे दोन नळ वेगळे आहेत एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

ताकद लागली १/३२, कधी १/६४. तख्तपोशीवर पूर्ण ताकद मारत होतो, तिथे आता बत्तिसावा हिस्सा पुरत होता. फ्लॅश लगेच तयार होतो, बॅटरी दुपारपर्यंत बदलावी लागली नाही आणि मुख्य म्हणजे आजींना झटका बसत नाही. डिस्क एकदा मिचकते, बस.

एक फोटो काढला आणि कुडी मोठी करून पाहिली. प्रत्येक मोत्यात आता पांढरी वाटोळी टिकली होती, एका कडेला चपटी, कारण भाच्याचा अंगठा डिस्कच्या पुढे आला होता. मोत्यातला अंगठा बघून मी त्याला सांगितलं, "बोटं मागे घे." त्याला वाटलं मामाला मागे डोळे आहेत.

चष्म्याचं मात्र चार-पाच फोटोंनंतर लक्षात आलं. दिवा मोठा झाला की काचेत त्याचं प्रतिबिंबही मोठं होतं, आणि मोठं प्रतिबिंब चुकवायला अवघड. टोपीचा ठिपका निदान डोळ्याच्या कडेला तरी पडत होता, डिस्कनं डावी काच अर्धी दुधाळ करून टाकली. उजेड ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो, म्हणून डिस्क आणखी एक वीत वर आणि थोडी बाहेर घेतली, आणि थोरल्या मुलीला सांगून चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या. काचा जेमतेम खाली झुकल्या, प्रतिबिंब गेलं. चष्मा काढून फोटो काढा असं एक काका सुचवत होते. गेली चाळीस वर्षं या बाईंना चष्म्यातच पाहिलेल्या लेकीसुनांना तो फोटो परका वाटला असता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गर्दीत डिस्कचा खरा फायदा पुढे कळला. आरतीचं ताट घेऊन कुणी आलं की भाचा डिस्क काटकोनात फिरवायचा, मग तिची जागा पत्र्याच्या कडेएवढी. वाट मोकळी. ताट गेलं की पुन्हा समोर. स्टँडला हे सांगता येत नाही. पोरांना ती पांढरी तबकडी भलतीच आवडली. सहासात वर्षांच्या एका पणतीनं विचारलं, "हा हजार एकावा का?" मला कळायला दोन सेकंद लागली.

व्हिडिओवाल्याशी थोडं बोलावं लागलं. त्याच्या कॅमेऱ्यावर एलईडी पॅनेल, समोरून सरळ, आजींच्या तोंडावर. त्याच्यावर त्यानं बटर पेपर चिकटवला होता. पण पॅनेलला चिकटवलेल्या कागदानं पॅनेल मोठं होत नाही, मंद होतं. तरी त्याचं काम त्याला करायचंच होतं, मी कोण सांगणार? शेवटी त्याला म्हटलं, तूही डिस्ककडेच मार. त्यानं करून पाहिलं, पडदा बघितला, आणि मग दिवसभर माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. पूर्वीच्या हजार वॅटच्या हॅलोजनच्या काळात हे कुणी ऐकलं नसतं. तेव्हा नवरी घामानं निथळायची आणि व्हिडिओवाला म्हणायचा, तेज आलंय.

कुटुंबांचे फोटो

एकट्या आजींना जे शोभत होतं ते सात जणांच्या रांगेला नडलं. डिस्क रांगेच्या डाव्या टोकाला, सव्वा मीटरवर. उजव्या टोकाचा जावई अडीच मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉपचा फरक. डावीकडची सून पिठात लोळल्यासारखी, जावई कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा. दोन-तीन कुटुंबांचे फोटो असे निघाले आणि ते मी नंतर संगणकावर कसेबसे सावरले. सावरल्याचं कळतं.

उपाय म्हणून भाच्याला मागे घेतलं, रांगेपासून तीन मीटरवर, जवळजवळ माझ्या बाजूला. आता जवळचं माणूस तीन मीटरवर आणि लांबचं सव्वाचार. फरक एका स्टॉपवर आला. डिस्क थोडी लांबच्या टोकाकडे वळवली, म्हणजे जवळच्यांना तिची कड मिळते आणि लांबच्यांना तोंड, तेव्हा उरलासुरला फरकही मिटला. किंमत द्यावी लागली ती मऊपणात : लांब गेल्यावर तीच डिस्क २१ अंशांची दिसते. चाळीसचे एकवीस झाले. सात जणांच्या फोटोत ते कुणी बघत नाही, तिथे प्रत्येक जण फक्त स्वतःचे डोळे उघडे आहेत का ते बघतो. ताकद १/८ पर्यंत चढवली, कारण आता फ्लॅशही डिस्कपासून लांब होता आणि डिस्कही माणसांपासून.

अशी तीसेक कुटुंबं झाली. यात फार सांगण्यासारखं नाही. एक आजोबा टक्कल चमकेल म्हणून टोपी घालून आले होते, त्यांना टोपी काढायला लावून फोटो दाखवला तर म्हणाले, "पन्नाशीत भेटायला हवा होतात."

८१ दिवे

औक्षणाला कणकेचे ८१ दिवे होते, दोन मोठ्या ताटांत. ताटं आली तशी तीन बाजूंनी एकच आरोळी, "पंखे बंद करा!" मागोमाग कुणीतरी हौशीनं ट्यूबही बंद केल्या. हॉलभर तुपाचा वास, काळ्या तख्तपोशीवर पहिल्यांदाच हलता सोनेरी उजेड. इथे पांढरा फ्लॅश टाकणं म्हणजे देवघरात ट्यूब लावण्यासारखं. वातीच्या ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या जवळपास, फ्लॅशचा ५५०० च्या; आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, चढवली, ती त्याला ३२०० पर्यंत खाली आणते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, ३२०० वर. म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्याला साधा दिसतो आणि ज्योती त्याहून पिवळ्या राहतात. त्या तशाच राहायला हव्यात.

आयएसओ ३२००, एफ/२.८, १/६०. आता गंमत अशी की फ्लॅशची सगळ्यात कमी ताकद, १/१२८, तीसुद्धा जास्त पडायला लागली. जेलनं थोडा उजेड खाल्ला तरी उरत होता. शेवटी फ्लॅश डिस्कच्या मध्यावरून हटवून कडेवर नेला, म्हणजे चतकोर डिस्कच उजळली. मऊपणा थोडा गेला, पण चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड जिंकला. दिवे खाली, ताटात. त्यांचा उजेड हनुवटीखालून वर येतो आणि एकटा असला तर नाटकातल्या भुतासारखा दिसतो. डिस्कचा तो चतकोर बाजूनं येऊन त्याला फक्त आवरत होता.

मधले चार-पाच फोटो मी फ्लॅश बंद करूनही काढले. खरं सांगायचं तर त्यातला एक, आजी ताटाकडे वाकून बघताहेत तो, मला स्वतःला सगळ्यात आवडतो. हनुवटीखालचा उजेड आहे, डोळे अर्धे झाकलेले आहेत, पोर्ट्रेटच्या कुठल्याच नियमात बसत नाही. पार्टीनं तो निवडला नाही.

पंखे बंद, दीडशे माणसं, ८१ ज्योती. घाम सगळ्यांच्याच कपाळावर. टोपीच्या फ्लॅशमध्ये घाम म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. मोठ्या दिव्यात तोच घाम रुंद, फिकट लकाकीसारखा पसरतो, तेल लावून बसल्यासारखं तेज दिसतं. घाम पुसायला टिश्यू द्यावा म्हणून मी खिशात हात घातला होता, तो तसाच बाहेर काढला.

फ्रेमसाठी निवडलेला फोटो त्यानंतरचा आहे. ट्यूब लागल्या, जेल काढली, डिस्क परत दीड मीटरवर. धाकटे भाऊ, तेच, ज्यांच्यावर स्टँड पडणार होता, माझ्या मागे उभे राहून काहीतरी पुटपुटले. लहानपणचं असावं, मला ऐकू आलं नाही. आजी तोंडाला पदर लावून हसल्या आणि पदर खाली आला त्या क्षणी मी बटण दाबलं. उजव्या बाजूला एका बाईंचा खांदा आलाय, मागे पोपटी भिंत आहे, ती आता नुसती गडद दिसते, तिचा रंग गालापर्यंत पोचत नाही. डोळे पूर्ण उघडे आहेत. दोन्ही.

पंगतीचे फोटो मात्र वाईट आले आणि तेही सांगायला हवं. पहिली पंगत बसली तेव्हा डिस्क धरायला कुणी नव्हतं. सकाळी सातपासून उभा असलेला भाचा मला न विचारता पानावर जाऊन बसला होता आणि मसालेभात वाढून झाला होता. दोन रांगा समोरासमोर, मधे वाढप्यांना जेमतेम वाट, सगळे खाली मान घालून जेवणारे, वर तीच तख्तपोशी. एका चुलतभावाला डिस्क धरायला दिली तर तो तिच्यामागून कॅमेऱ्यासाठी हसत राहिला आणि डिस्क वाढप्याच्या आमटीच्या बादलीत टेकली. पांढऱ्या बाजूला अजून त्याचा पिवळा डाग आहे. शेवटी मांडववाल्याचा जांभळा कपडा एका खिडकीवरून बाजूला केला, फ्लॅश बंद केला, आयएसओ ६४०० केला आणि खिडकीजवळच्या दहा-बारा पानांचेच फोटो धड आले. बाकीच्यांची टाळकी आहेत.

आता स्टँड गाडीतच असतो, डिस्क दोन असतात, आणि भाच्याची अट एकच आहे : पहिली पंगत त्याची.